याडीचं थांबवलेलं चित्र

नेर,
दि. ९ डिसेंबर २०२४

प्रिय शीलाबाई,

जय सेवालाल. भाऊजींना नमस्कार, भाची दीपाला आशीर्वाद. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. कापसाचा दुसरा वेचा चालू आहे, तूर फुलावर आहे. पुष्पा दिवसभर शेतात आणि घरी आली की सासूजवळ, आपल्या याडीजवळ. मी दुकान आणि घर यांच्यात हेलपाटे घालतो. फोनवर याडीचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून लिहायला बसलो.

दीपाने आणून दिलेली तुझ्या लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. पेनड्राइव्ह सोबत पाठवतो आहे. काम एका दुपारचं होतं, पण मी लांबवत राहिलो. शेवटचा भाग बघायची हिंमत होत नव्हती. तुझी जीप निघते आणि याडी दारात उभी. डोळ्यांत पाणी नाही, हात हलत नाही, गाणं संपेपर्यंत तशीच. सासरी सगळ्यांसमोर ते लागलं तेव्हा तुझी सासू म्हणाली होती, "तुई याडी त दगड हाये." तू मला हे एकदाच सांगितलंस आणि मग माहेरी येणंच सोडलंस. तू घुंगटात होतीस, जीपमध्ये. मागचं काय ते तुला कॅसेटनेच दाखवलं.

आता थोडं माझ्या व्हिडिओच्या धंद्यातलं ऐक, कंटाळू नकोस. हल्लीचा कॅमेरा अख्खं चित्र एकदम घेतो, त्याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. जुना कॅमेरा आधी एकाआड एक ओळी घ्यायचा, मग उरलेल्या. ते इंटरलेस्ड. मधल्या क्षणात काही हललं की दोन्ही ओळी जुळत नाहीत आणि कडेला फणीसारखे दाते दिसतात. कॉम्प्युटरला शूटिंग कुठल्या प्रकारचं आहे ते आधी सांगावं लागतं, नाहीतर चित्राची वाट लागते. म्हणून मी जिथे हालचाल आहे तिथे थांबवून थांबवून बघत होतो. हळदीचे हात, नाचणाऱ्या बायांच्या बांगड्या, सगळीकडे दातेच दाते. म्हणजे इंटरलेस्ड, यात शंका नाही.

मग याडीचा चेहरा आला आणि दाते गायब. मनात म्हटलं, ती हललीच नाही तर दाते येतील कुठून? तेव्हा मलाही तुझ्या सासूचं खरं वाटलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी चहाला निघून गेलो.

पण ते डोक्यातून जाईना. खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस श्वास तर घेणारच ना? त्याच माणसाने मांडवामागची नुसती भिंत घेतली आहे, तिच्याही कडेला बारीक दाते आहेत. याडीच्या चित्रात दाराच्या चौकटीलासुद्धा नाहीत. ओढणीची तिरकी कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. अर्ध्याच ओळी उचलून त्यांची दुप्पट केली की तसं होतं. बाई, ते चालतं शूटिंग नाही. मिक्सिंगवाल्याने एक चित्र थांबवून गाणं संपेपर्यंत ताणलं आहे.

काल दुपारी याडीला उन्हात बसवलं आणि विचारलं. तिने ही कॅसेट कधी पाहिलेलीच नाही. तेव्हा तांड्यात कॅसेट लावायचं मशीन होतं कोणाकडे?

"उभी कायले राहू मी?" ती म्हणाली. "नाल्यापर्यंत पळत गेलती जीपीमांगं. डोक्यावरची ओढनी कुठं पडली, मले समजलं नाई. मंग तुया बानं शूटिंगवाल्याले सांगतलं, हे काढून टाक म्हने, सोयरे पाहतीन त बरं दिसत नाई."

बाने आपली लाज राखली आणि तुझं माहेर तोडलं. आता तो नाही, भांडायचं तरी कोणाशी? राग येतो आणि विरून जातो.

बाई, मी दमलो आहे. तिला उचलायचं, पुसायचं, भरवायचं. कधी ओरडतो तिच्यावर, मग दुकानात जाऊन बसतो. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, हे मी तुझ्यापासून लपवलं होतं. जेवण जवळजवळ बंद आहे. माणसं अजून ओळखते, पण किती दिवस ओळखेल ते कोणी सांगत नाही.

शीलाला बोलाव, असं ती म्हणालेली नाही. आत नेऊन निजवलं तेव्हा एवढंच विचारलं, "तिनं मांगं पाह्यलंतं का रे?"

जीपच्या आतलं कोणी शूट केलेलं नाही. ते फक्त तुलाच माहीत. मला फोनवर सांगू नकोस. तिच्याजवळ बसून सांग. आणि पाहिलं नसलंस, तरी पाहिलं होतं म्हण.

तुझा दमलेला भाऊ,
लखन