धडपड्या आता त्यांचा

३ फेब्रुवारी
सही करून आले! इतकी वर्षं साप्ताहिकाच्या चित्रमालिकेत काढलेला माझा धडपड्या आजपासून कंपनीचा. चित्र, नाव, पुढच्या सगळ्या गोष्टी – कायमच्या.
कंपनीच्या वकीलबाईंनी एकच विचारलं, "हे पात्र कुणा खऱ्या माणसावरून घेतलंय का?"
"नाही. माझ्या डोक्यातलं आहे."
जीभ कशी रेटली माझी! नाक दादाचं, चाल दादाची. नाव तर आईनेच त्याला ठेवलेलं – सारखा पडायचा, उठायचा, पुन्हा धावायचा म्हणून. पण खरं सांगितलं असतं तर सौदा फिसकटला असता. म्हणून 'कुणावरून घेतलेलं नाही' असं लिहूनही दिलं.

४ फेब्रुवारी
दादाला फोन केला नाही.

११ फेब्रुवारी
दादाच्या दुकानात गेले. सायकलचं चाक सरळ करत होता. विकल्याचं सांगितलं तर हा खूश! वहिनीला म्हणे, आता नवरा टीव्हीवर दिसेल तुला. तुला न विचारता विकलं रे, हे ओठांवर आलं होतं. चहाबरोबर गिळलं.

२० एप्रिल
जाहिरात लागली. गुडघ्याच्या मलमाची. माझा धडपड्या पडला की उठायचा. त्यांचा नुसता पडतो आणि बायको त्याला बावळट म्हणते.
कंपनीत फोन केला. साहेब गोड बोलला – पात्र आता आमचं, मॅडम. तुम्हीसुद्धा विचारल्याशिवाय काढू नका.
वहिनी सांगत होती, पोरं दुकानासमोर मुद्दाम पडून दाखवतात. दादाही हसतो म्हणे. त्याचं ते हसू मला माहीत आहे.

९ जून
दादाला कंपनीची नोटीस! पाटीवरचं 'धडपड्या सायकल दुरुस्ती' काढून टाका. हे पात्र कुणावरून घेतलेलं नाही असं खुद्द चित्रकर्तीने लिहून दिलंय, हेही त्यात आहे. म्हणजे दादाने वाचलं.
वहिनीचा फोन. "तू खरं काय ते सांगितलंस तर मिटेल गं."
बघते म्हणाले. बघते! पैसे तर घरात घातले. परत कुठून देऊ?

१० जून
उद्या वकीलबाईंना सांगून टाकायचं. होईल ते होवो.

११ जून
वकीलबाईंकडे निघाले होते. वाटेत दुकान. दादा शिडीवर, पाटीवरच्या 'धडपड्या'वर रंग फासत होता.
"बरी आलीस. शिडी हलतेय, धर जरा." मग, खाली न बघताच – "कंपनीला कळवलंय मी. ते पात्र माझ्यावरून नाही म्हणून."
मी शिडी धरली. मग घरी आले.