वारातुचे सुळे आणि पहिला अंगठा

आदरणीय गराए मामा,

मी तुमच्यासमोर चटईवर खाली बसून बोलतोय असं समजून हे वाचावं. तुमची पाठ कशी आहे? किवीच्या वेलींखाली दिवसभर हात वर करून उभं राहावं लागतं, असं न्यूझीलंडहून परतलेले लोक सांगतात. खोबरेल कोमट करून चोळत जा आणि लोकरीची टोपी काढू नका. इकडे आई (तुमची बहीण मेरिअम) बरी आहे, फक्त सध्या घरी नसते. कारण पुढे येईल. वारातु जिवंत आहे आणि त्याचे दोन्ही सुळे शाबूत आहेत. तुम्ही घाबरू नये म्हणून हे आधीच लिहिलं. मात्र तो आपल्या खुंट्याला नाही, डोंगरापलीकडे बुलेबाबांच्या खुंट्याला आहे. परत आल्यावर ज्या डुकराच्या बळावर तुम्ही मानाची पायरी चढणार होतात, ते माझ्यामुळे गेलं. मी दोराला हातसुद्धा लावला नव्हता.

झालं असं. शाळेला सौरऊर्जेवरचा संगणक मिळाला. रोसलिन बाईंनी मला बोलावलं (माझी शाळा आठवीतच सुटली, पण माझ्या लिहिण्यात चूक सापडत नाही हे त्यांना माहीत आहे) आणि म्हणाल्या, "तारी, खुरांच्या प्राण्यांवर एक संकेतस्थळ कर. सगळ्या बेटांवरच्या मुलांना उघडता येईल असं." मी लगेच कामाला लागलो. खुरांचे प्राणी दोन प्रकारचे, सम खुरांचे आणि विषम खुरांचे. ऐकीव गोष्ट लिहायची नाही म्हणून मी आपल्याकडची डुकरं, गाई, बकऱ्या यांचे पाय उचलून बोटं मोजली. विषम प्रकारासाठी बेटावर एकच घोडा आहे, पलीकडच्या नारळबागेत. त्याच्या प्रत्येक पायाला एकच खूर असतो हे मी अगदी जवळून पाहिलं. (मांडी आता दुखत नाही.)

लिहिलेलं तपासून घ्यावं म्हणून संध्याकाळी पुरुषांच्या बैठकीत वाचून दाखवलं. तीच चूक झाली. कावाच्या मुळांचा कडू रस पिऊन सगळे शांत बसले होते. जिराफाचं वाचायला लागलो तर विरा आजोबांनी थांबवलं.

"सुळे आहेत का त्याला?"

"नाहीत, आजोबा. मान लांब आहे."

"मान घेऊन काय करायचं? दोन ओळी बास झाल्या त्याला."

गेंड्याबद्दल थोडा आदर दिसला, पण शिंग नाकावर सरळ उगवतं, गोल वळत नाही, हे कळल्यावर तोही गेला. डुकराला मात्र एक पान कसं पुरेल, असा सर्वांचा सूर निघाला. सुळा गालापर्यंत आलेलं डुक्कर वेगळं, जबड्याशी टेकलेलं वेगळं, पूर्ण वेढा घातलेलं वेगळं. प्रत्येकाचं नाव वेगळं, मग पान वेगळं नको? मी प्रत्येकाचं पान केलं. त्यामुळे त्या संकेतस्थळावर सध्या नऊ पानं डुकराची आहेत आणि उरलेल्या जगाची एकूण तीन. बाईंनी ती पानं दोनदा मोजली.

पूर्ण वेढ्याच्या पानाला फोटो हवा होता, आणि पूर्ण वेढ्याचं डुक्कर गावात एकच आहे. मामा, मी फोटो काढला. खाली काहीतरी लिहायला हवं. मी उगाच इकडचं तिकडचं लिहीत नाही हे तुम्ही जाणता, म्हणून नाचाच्या मैदानावर डुक्कर पुढे आणताना जे पुकारतात ते त्याच क्रमानं लिहिलं: डुकराचं नाव, सुळ्याचा वेढा, कुणी भरवलं, कुणाच्या घरचं. शेवटी (क्रम अर्धा सोडणं मला जमत नाही) "हा सर्वांसमोर उभा आहे" हेही लिहिलं.

बुलेबाबांनी डोंगरापलीकडून अंगठा दाबला. म्हणजे आवडलं असं सांगायला फोटोखाली जो अंगठा असतो तो. दुसऱ्या दिवशी ते दोर घेऊन हजर. विरा आजोबांनी बैठक बसवली.

"नाव पुकारलं?"

"लिहिलं, आजोबा. मुलांना शिकवायला."

"शिकवायला म्हणून कुणी डुक्कर दाखवतं का रे? पुकारून उभं केलेलं डुक्कर पहिला हात लावेल त्याचं. पहिला हात कुणाचा लागला?"

"हात नाही लागला. अंगठा."

"मग अंगठा काय हाताला नसतो?"

डुक्कर मामाचं आहे, माझं नाही, हेही सांगून पाहिलं. ते म्हणाले, भाचा बोलला म्हणजे मामा बोलला. एरवी हे वाक्य ऐकून मला अभिमान वाटायचा.

सहा वर्षं आईनं वारातुला नारळाच्या दुधात कुस्करलेलं कोनफळ हातानं भरवलं (सुळे गोल वळावेत म्हणून वरचे दात तुम्हीच काढलेत, त्याला चावता येत नाही हे तुम्हाला सांगायला नको). ती सहा वर्षं मी एका ओळीत देऊन टाकली. ती ओळ मी नंतर पुष्कळदा वाचली. तिच्यात एकही चूक नाही.

पण वारातु बुलेबाबांच्या बायकोच्या हातचं खाईना, तोंड फिरवून बसला. मिळालेलं डुक्कर खुंट्याला वाळलं तर बुलेबाबांनी गावात तोंड कुठे दाखवायचं? ते गुपचूप आईकडे आले. आई रोज सकाळी डोंगर ओलांडून जायला लागली, आणि गुडघे दुखायला लागल्यावर तिकडेच राहिली. ती त्यांच्या चुलीवर तिच्या पद्धतीनं रांधते आणि मडकी कुठे ठेवायची ते सांगते. बुलेबाबांची बायको म्हणते, "डुक्कर आणलंत की सासू?" इकडे बाबा रांधतात. तुम्ही तिकडे काय खाता ते कळवा, म्हणजे आम्हाला जरा वाईट तरी वाटेल.

मी सगळ्यांचा अपराधी आहे. मुलांचासुद्धा, कारण जिराफ कुणी उघडतच नाही.

तुमचा भाचा,
तारी

ता.क. बुलेबाबा स्वतःच डुक्कर परत द्यायला बघताहेत, पण घेतलेलं डुक्कर नुसतं परत करता येत नाही, सर्वांसमोर उभं करावं लागतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्च सुटल्या सुटल्या, मी डुकराचं दहावं पान टाकणार आहे. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे. त्या वेळी (तुमचं घड्याळ आमच्या पुढे असतं, हे धरून) सिग्नल मिळेल तिथे उभे राहा आणि पहिला अंगठा तुमचा लागू द्या. फोन खोलीतल्या सर्वांचा मिळून आहे, तेव्हा आधी तुमच्या नावानं आत शिरा. म्हणूनच फोन किंवा निरोप केला नाही. खोलीतले दोघे डोंगरापलीकडचे आहेत, आणि इकडे सिग्नल फक्त नीरफणसाखाली येतो, जिथे सगळं गाव बसलेलं असतं.

ता.क. २. विरा आजोबांनी नातीचा फोन मागून घेतला आहे. ते नीरफणसाखाली बसून अंगठ्याचा सराव करतात. कशासाठी ते विचारलं तर म्हणतात, शिकतोय.

ता.क. ३. बोट तीन आठवडे आलेली नाही. हे पत्र त्या रविवारनंतर मिळालं तर फक्त पाठीच्या चौकशीपर्यंत वाचावं आणि तेल चोळत राहावं.