सत्तेचाळीस नंबरचा टॅग

सोमवार, ३ मार्च

आजचा दिवस, घडला तसा:

१. सकाळी सहाला सोन्याच्या खाणीच्या फाटकावर हजर. पाच मिनिटं लवकरच.
२. दीड तास सुरक्षेचे धडे. परीक्षेत पैकीच्या पैकी.
३. पाळीप्रमुख डॅरेलनं पितळी टॅग दिला. नंबर ४७. खाली जाताना बोर्डावर लावायचा, वर आल्यावर स्वतःच्या हातानं काढायचा.
४. गाडीनं एक किलोमीटर खाली. बोगद्याच्या टोकाला आमची प्रयोगशाळा: पांढऱ्या भिंती, कॉफीचं यंत्र आणि मधोमध स्टीलची बंद खोली.

त्या खोलीत बारा स्फटिक आहेत. कृष्णद्रव्याचा, म्हणजे डार्क मॅटरचा, कण आदळला तर त्यांत क्षणभर उजेड होईल, अशी आशा. तो उजेड मोजणारी सर्किटं आजपासून माझी. फेब्रुवारीत खोली बंद करून आत नायट्रोजन भरलाय. वर्षभर उघडायची नाही.

माझ्या आधी या कामावर असलेला नायल म्हणे टॅग न काढताच गाव सोडून पळाला. बोर्डावर एक जरी टॅग असला तरी संध्याकाळी पाचचा सुरुंग उडवत नाहीत. सगळी पाळी खोळंबते, आणि विसरणाऱ्यानं सगळ्यांना बिअरचं खोकं पाजायचं. नायलचं खोकं अजून यायचंय, डॅरेल म्हणाला. त्याच्या खुर्चीवर बसलीस, तर आता तूच आण, इंजिनियरबाई. मी म्हटलं, मी विसरत नाही. त्यानं हसून हातातली अर्धी मटणाची पेस्ट्री माझ्यापुढे धरली.

मेलबर्न सोडल्याचं अजून तरी वाईट वाटलेलं नाही.

बुधवार, ५ मार्च

नऊ नंबरचा स्फटिक गोंगाट करतोय, सारखे खोटे सिग्नल. केबल बदलली, वीजपुरवठा बदलला, सर्किटही बदललं. फरक नाही. आमच्या प्रमुख डॉ. कीओ फोनवर म्हणाल्या, ते चॅनेल बंद करून टाक. एक दात किडला म्हणून कुणी जेवण सोडत नाही. कामाची रीतच आहे ती. बंद केलं, वहीत नोंदवलं.

शुक्रवार, ७ मार्च

नऊची चाचणी घेतली. शांत. आता दहा ओरडतोय.
दहाही बंद केला.

सोमवार, १० मार्च

अकरा.

या वेळी बंद करण्याआधी ऊर्जा मोजली. आलेखात एकच रेषा, पोटॅशियमची. पोटॅशियम प्रत्येकाच्या अंगात असतं, किंचित किरणोत्सारी. आकडा एका माणसाचा आहे. सत्तर किलोच्या आसपास.

डॅरेलला विचारलं, नायलचं वजन किती असेल. या वेळी हसला नाही. चहा संपल्यावर बोलला. नायल गेला त्या दिवशी पाच वाजून गेले होते. पोरं शिव्या घालत होती. नायल फोन उचलत नव्हता. तेव्हा नायलचा टॅग डॅरेलनंच काढला आणि सुरुंग उडवला. स्टीलच्या खोलीचं दार त्याच दुपारी बंद केलं होतं.

आणि नायलची गाडी? आठवडाभर फाटकाबाहेर उभी होती म्हणे.

मंगळवार, ११ मार्च

नायट्रोजनमध्ये कुणी जगत नाही, पण मेलेला माणूसही तेवढाच मोजला जातो. पोटॅशियमला जिवंत-मेलेलं कळत नाही.

पण मेलेला माणूस जागा बदलत नाही.

नऊ मागच्या भिंतीशी आहे. दहा मध्यावर. अकरा अलीकडे. बारा दाराशी.

डॉ. कीओंना सांगितलं, आत नायल आहे, खोली उघडू या. त्या म्हणाल्या, एका रेषेसाठी वर्षाच्या मेहनतीवर पाणी सोडायचं? जरा झोप काढ, पोरी. सोमवारी बघू.

बुधवार, १२ मार्च

जुनी वही काढली. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, नायलचं अक्षर: नऊ बंद. दहा बंद. अकरा बंद. पुढे कोरं.

म्हणजे तो आत जाण्याआधीही आत कुणीतरी —

बारा सुरू झाला. आकडा दोन माणसांचा.

गुरुवार, १३ मार्च

कुणाला विचारलं नाही. नायट्रोजन काढला, हवा भरली. चार तास लागले. ऑक्सिजन २०.९ टक्के.

४:१० — दार उघडलं. आत कुणी नाही. उंबऱ्याशी नायलचं हेल्मेट. दिवा चालू. ती बॅटरी बारा तास चालते. फक्त बारा.

४:३१ — मी आत पाऊल टाकलेलं नाही. दारापासून चार मीटरवर आहे. मोजणीच्या पडद्यावर आकडा तीन माणसांचा.

४:५२ — रेडिओवर डॅरेल. बोर्ड रिकामा आहे, पाचला सुरुंग. मी सांगितलं, सत्तेचाळीस खाली आहे, टॅग सकाळीच लावलाय. पुन्हा सांगितलं. ओरडले. तो कुणाला तरी म्हणाला, या चॅनेलवर नुसती खरखर येतेय, बंद करून टाक —

बंद केलं.

५:०० — हादरा. बोगद्यात धूर. बाहेरची वाट नाही. आसराखोलीत छत्तीस तासांची हवा आहे. तिकडे जाते — पण पडद्यावर आता बारा नंबर शांत झालाय. सगळे बाराच्या बारा स्फटिक शांत. म्हणजे ते आत नाही —

हेच संगणकावरून वर पाठवतेय. वाचणाऱ्यानं शनिवारी पहाटे पाचपर्यंत उत्तर द्यावं. एवढंच कळवा: सत्तेचाळीस नंबर बोर्डावरून कुणी का