करवतीची दुसरी मूठ

॥ श्री मल्हारी प्रसन्न ॥

मु. पो. आष्टी, ता. परतूर
वैशाख वद्य पंचमी, रविवार, सन १९७७

श्रीमान धुळाजी दाजी यांना त्रिंबकचा दोन्ही हात जोडून रामराम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (खुशाल नसलेली एकच वस्तू आहे, ती झाडावर आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो.) तुमची प्रकृती कशी आहे? उजवा गुडघा उतरणीला अजून कुरकुरतो का? बायनाबाईला म्हणावं, निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांध. तिला हे माझ्याआधीपासून माहीत आहे, पण बहिणीला काही सांगितल्याशिवाय भावाचं पत्र पुरं होत नाही. काळी शेळी व्याली का? भोकरदनकडे चाऱ्याचं कसं आहे?

तुम्हाला गावी जाऊन तीन आठवडे झाले आणि माझं हे पहिलंच पत्र. पोस्टात कागद मिळत नव्हता असं लिहिणार होतो, पण आज रविवार, देवाचा वार. सकाळीच भंडारा कपाळाला लावला आहे. त्यामुळे या पत्रात तरी खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. कागद मिळत होता. लिहायला हात होत नव्हता.

झालेली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तरी ती माझ्या तोंडून एकदा ऐकावी. एकोणीस वर्षं आपण दोघांनी एक करवत ओढली. लाइटच्या तारांत शिरलेल्या फांद्या, सडकेवर वाकलेले लिंब, विहिरीवर ओणवलेल्या जांभळी, सगळं त्या एका पात्यावर. इकडची मूठ माझी, तिकडची तुमची. मी ‘मल्हारी’ म्हणून ओढायचं, तुम्ही ‘मार्तंड’ म्हणून. मोठ्या खोडाला किती नामजप व्हायचा याचा हिशेब देवाकडेच असेल. मग चैत्रात साहेबराव ठेकेदारांनी कुठूनशी ती इंजिनाची करवत आणली. खोक्यातून काढली, हार घातला, नारळ फोडला, आणि मला म्हणाले, “त्रिंबकराव, आता तुम्हीच हिचे डायवर.” तो शब्द माझ्या डोक्यात गेला, दाजी. बैलगाडीशिवाय काही न हाकलेल्या माणसाला पन्नाशीच्या तोंडावर डायवर म्हटलं की काय होतं, ते तुम्ही पाहिलंत. चार माणसांत मी तुम्हाला म्हणालो, “दाजी, आता दुसऱ्या माणसाची गरज न्हाई राह्यली.” तुम्ही करवतीला पोतं गुंडाळायला लागलात, तर मी वरून आणखी म्हणालो, “घेऊन जा, तुमचाच वाटा समजा.” दुपारच्या बसनं तुम्ही, बायनाबाई आणि करवत, तिघं गेलात. घरच्या जावयाला असा निरोप दिलेला माणूस सबंध तालुक्यात दुसरा नसेल.

असो. आता यंत्राचं ऐका.

यंत्र आकारानं शिलाई मशीनएवढं आहे आणि रागीट आहे. पुढे जिभेसारखी लांब पट्टी, तिच्याभोवती दात असलेली साखळी फिरते. दोरी खेचली की चालू होतं. (पहिल्या दिवशी एकतीस वेळा खेचल्यावर झालं. माझा खांदा अजून तेच मोजून राह्यला आहे.) सोबत इंग्रजी पुस्तक होतं. ते वाचायला सर्जेराव गुरुजींना बोलावलं. गुरुजींना तुम्ही ओळखता. बाबासाहेबांचा फोटो घरात सगळ्यात उंच जागी आणि त्याखाली पुस्तकंच पुस्तकं. न कळलेलं कळलं असं म्हणणारा माणूस नव्हे. दोन दिवस त्यांनी शब्दकोश घेऊन ते पुस्तक मराठी केलं, वहीत सुंदर अक्षरात उतरवलं, आणि मी त्या वहीला हळदकुंकू वाहिलं. वहीत स्पष्ट लिहिलं होतं: पेट्रोलमध्ये थोडे तेल मिसळावे. साखळीच्या टाकीतही तेल भरावे.

मी विचारलं, “गुरुजी, कोणतं तेल? गोडं का एरंडीचं?” गुरुजींनी पुन्हा पुस्तक पाहिलं, पुन्हा कोश पाहिला आणि म्हणाले, “त्रिंबकराव, इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द आहे.” मला त्या लोकांची कीवच आली. करडईला, तिळाला, डोक्याला आणि गाडीच्या आसाला एकच शब्द म्हणजे स्वयंपाकघर किती गरीब असेल! मग मी विचार केला की इतकं महागाचं यंत्र, त्याला एरंडी घालणं बरं दिसत नाही. आमची मालकीण साखराबाई पाण्याला गेली होती. चुलीमागची करडईच्या तेलाची बरणी उचलली. पावणं घरी आलं तर आपण चांगलंच वाढतो, तसं दोन्ही टाक्यांत वाढलं.

आणि दाजी, यंत्र चाललं! बसथांब्याजवळच्या लिंबावर पहिल्यांदा चढलो. ज्या फांदीला आपल्या दोघांना सकाळ लागली असती, ती विडी ओढून होईस्तोवर खाली. मी वरून खाली पाहिलं तर ही गर्दी. मला वाटलं, लोक माझं काम बघायला जमले. थोड्या वेळानं ध्यानात आलं की लोक वर बघतच नव्हते, नाक वर करून वास घेत होते. तापलेल्या साखळीवरचं करडईचं तेल, दाजी! सगळ्या थांब्यावर कांदाभज्यांचा घमघमाट. हॉटेलवाला पुंजाराम झारा घेऊनच बाहेर आला आणि ओरडला, “कोण हाय रे त्यो, माझ्या दारात भज्याचा गाडा लावून राह्यला!” शेजारगावच्या दुर्गाबाई घनसावंगीच्या बसमधून उतरल्या त्या सरळ झाडाखाली येऊन म्हणाल्या, “पावशेर बांध बाबा, जल्दी. पुढची जीप निघून जाईल.” मी वरून हात जोडले. त्यांनी ते नमस्कारासाठी घेतले आणि तशाच उभ्या राहिल्या. दोन दिवस मी जिथं काम केलं तिथं गावाची भूक वाढली, आणि घरी बरणी कोरडी असल्यामुळे साखराबाईची कढई मात्र खुंटीवर. ती मला एवढंच म्हणाली, “झाडाला तळून घातलं, आता आमाला काय वाढता, भुस्सा?”

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती, ती लिहितो. आपण फांदी उतरवायच्या आदल्या संध्याकाळी झाडाला हात लावून सांगायचो की उद्या येतो, पाखरांनी सोय बघावी. विसरायचो मी, आठवण द्यायचात तुम्ही. आता साहेबरावांची घाई आणि यंत्राचा आवाज. चालू असताना मी सवयीनं ‘मल्हारी’ म्हणायचो, ते माझं मलाही ऐकू यायचं नाही. समोरून कोणी ‘मार्तंड’ म्हणण्याचा तर प्रश्नच नव्हता. देवाचं अर्धंच नाव घेऊन मी दोन दिवस काम केलं.

तिसऱ्या दिवशी शाळेची चिंच. तुम्हाला ती दक्षिणेची फांदी आठवत असेल, बैलाच्या पाठीएवढी जाड, सरळ पहिलीच्या वर्गाच्या पत्र्यावर गेलेली. गेल्या पावसाळ्यात वारा सुटला की गुरुजी पोरांना भिंतीकडे सरकवून बसवायचे. मी गुरुजींना शब्द दिला होता की जूनमध्ये शाळा भरायच्या आत ती उतरलेली असेल. दिवस शुक्रवारचा. फांदी जाड दोरानं वरच्या खांदीला बांधली, स्वतःला बांधलं, यंत्र लावलं. निम्मं कापून झालं आणि यंत्र एकदम खोकलं. मग काळा धूर, जळक्या फोडणीचा वास, आणि चूप. इंजिन आतून असं चिकटलं की दोरी जागची हलेना. तेवढ्यात फांदी वजनानं थोडी बसली आणि पट्टी तिच्या चिरेत पक्की धरली गेली. ओढलं, हलवलं, देवाला विनवलं. संध्याकाळी मी एकटा खाली उतरलो.

आज दहावा दिवस. यंत्र वरच आहे. निम्मी कापलेली फांदी पत्र्याच्या वर, फांदीत यंत्र, आणि हे वळवाचे दिवस. मेकॅनिक जालन्याहून येऊन खालूनच बघून गेला. झाडावर चढणं त्याच्या कामात बसत नाही म्हणाला. कुऱ्हाड लावायची सोय नाही, घावानं फांदी फाटून पत्र्यावर बसेल. सुताराची करवत चिंचेच्या गाभ्यात बोटभरसुद्धा जात नाही. साहेबराव रोज सकाळी येतात, झाडाखाली उभे राहतात, सुतकातल्यासारखे थोडा वेळ थांबून जातात. परवापासून एका साळुंकीनं मुठीवर काड्या आणायला सुरुवात केली आहे. एवढ्या गोंधळात यंत्राचा उपयोग कळलेली तीच एकटी.

चूक कशी उमगली तेही सांगतो. एक ट्रक डायवर पुंजारामकडे चहा प्यायला थांबला होता. त्यानं सगळं ऐकलं, वही मागवून पाहिली आणि कपाळावर हात मारला. “अहो गुरुजी, ऑइल म्हणजे ऑइल! त्याचं तेल कशापायी केलं?” गुरुजी शांतपणे म्हणाले, “मी मराठी केलं.” म्हणजे बघा, गुरुजींनी तो एक शब्द तसाच ठेवला असता तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा गॅरेजात गेलं असतं. ‘तेल’ लिहिलं म्हणून मी चुलीकडे गेलो. गुरुजींना फार लागलं. ते म्हणतात दोष त्यांचा. मी म्हणतो बरणी माझी. आम्ही दोघं रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून हे एकमेकांना सांगतो आणि वर बघतो. गुरुजींनी पहिलीच्या वर्गातले बाक आताच बाहेर काढून ठेवले आहेत.

बाकी सर्व ठीक. बायनाबाईला आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार.

आपला,
त्रिंबक

ता. क. — एक लहानसं काम राहिलं. आपली करवत तिकडे नुसती पडून असेल तर पाठवावी. ‘तुमचाच वाटा’ म्हणालो होतो हे लक्षात आहे. वाटा तुमचाच, मी फक्त चिंचेपुरती मागतो. दातांना पोतं बांधावं, सुतळी आडवी घ्यावी, भोकरदनच्या बसनं जालना, तिथून परतूर आष्टी.

ता. क. दुसरा — करवतीसारखं हत्यार बसमध्ये एकटं पाठवता येत नाही, सोबत माणूस लागतो असा नियम आहे. म्हणून तुम्हालाच यावं लागेल, तसदीबद्दल माफी. (आज रविवार आहे हे लिहिल्यावर आठवलं. मी काल कंडक्टरला विचारलं होतं. तो म्हणाला, “टपावर टाका, कुणी यायची गरज न्हाई.” हे मी तुम्हाला सांगणार नव्हतो.)

ता. क. तिसरा — पत्र साखराबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “समदं लिवलं, यंत्राचं, साळुंकीचं, जे लिवायला बसले ते राह्यलंच की.” तेव्हा लिहितो. करवतीवर नव्या माणसाला पहिली गोष्ट तुम्हीच शिकवायचा: आपली पाळी आली की ओढायचं, दुसऱ्याची आली की हात सैल सोडायचा, ढकलायचं कधीच नाही, ढकललं की पातं वाकतं. पुंजारामला सुताराच्या करवतीवर समोर धरून पाहिलं, तो ढकलतो. देवानंद तलाठ्यांनी हौसेनं हात लावला, तेही ढकलतात. सगळ्यांना सांगत होतो, आणि काल संध्याकाळी चिंचेला हात लावून बसलो असता ध्यानात आलं की चैत्रात त्या चार माणसांत मीच ढकललं होतं. दाजी, चूक माझी आहे. त्याच चार माणसांना झाडाखाली बोलावून ठेवतो, त्यांच्यादेखत पुन्हा म्हणेन.

झाडाला अजून ‘उद्या येतो’ सांगितलेलं नाही. कोणती उद्या, ते तुमच्या बसवर आहे. साळुंकीलाही तेच सांगून ठेवलं आहे. साखराबाईनं नवं तेल आणलं आहे, भज्यांपुरतंच, आणि बरणी आता तिच्या उशाशी असते.

खाली सही पुन्हा करत नाही. माझ्या वाटचं तेवढं लिहितो, पुढचं तुम्ही समोर येऊन म्हणा.

मल्हारी