पैलवानाचं वजन

५ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण पैलवान. वय तीन महिने, वजन साडेतीन किलो, बरगड्या लांबूनही दिसतात. इथे बेंगळुरूत यशवंतपूरला भटकी पिल्लं सांभाळणाऱ्या हेमलता मॅडमना तो एका गोडाउनमागे सापडला. महिनाभर आमच्याकडे राहणार, मग डॉक्टरांकडे वजन. अंगावर मांस आलं तर आमचा, नाहीतर परत.

उल्काला लग्नापासून कुत्रा हवाय. आणि नेमकी आजच ती आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली. दारात म्हणाली, "मला तो घरात हवाय, अद्वैत. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच कर. नवीन काही करू नकोस."

मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे, काम घरूनच. माझ्या हाताखाली बावीस माणसं आहेत. साडेतीन किलो म्हणजे काय आहे?

डॉ. रविकिरण यांच्या सूचना: पिल्लांचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर वाटी उचलायची. एकोणीस तारखेला जंताच्या औषधाचा दुसरा डोस. संपलं. एवढ्यासाठी माणूस पाच वर्षं शिकतो.

६ जानेवारी, मंगळवार
पैलवानाने वाटी हुंगली, दोन दाणे खाल्ले, सोफ्याखाली गेला. पंधरा मिनिटं झाली. पण पुढ्यातली वाटी उचलायची? आमच्या साताऱ्याच्या घरी पाहुणा पानावर हात आडवा धरतो, तेव्हा कुठे खऱ्या वाढण्याला सुरुवात होते. डॉक्टरांच्या घरी आग्रहाची पद्धत नसावी.

मेतकूट-भात कालवला, वर तूप. मांडीवर घेऊन 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' करत भरवलं. सात घास गेले. उरलेला मी संपवला. अन्न टाकायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून.

संध्याकाळी वजन. पद्धत सोपी: त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. माझं बहात्तर. ऑफिसच्या हेल्थ कॅम्पमध्ये केलं होतं, दिवाळीआधी. उत्तर: साडेचार किलो!

एका दिवसात एक किलो. नाहीतर डॉक्टरांचा काटा बिघडलाय. मोठ्या मनाने गप्प राहायचं ठरवलं.

११ जानेवारी, रविवार
मेनू विस्तारला. उकडलेलं रताळं, अंडं, पनीर, सायीचं दही. वाटीतलं कोरडं खाणं तो आता बघतही नाही. मांडीवर बसतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. चव कळते त्याला.

तो प्रत्येकातलं थोडं खातो. बाकीचं मी.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे दोघांनी चालायला जायचं.

१२ जानेवारी, सोमवार
थंडी. पिल्लांना थंडी बाधते.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. खालच्या मजल्यावरच्या अंबुबाई, म्हणजे घरमालकीण, एळ्ळु-बेल्ल घेऊन आल्या. हा इथला तिळगूळ, खोबऱ्याच्या तुकड्यांसकट. अंबुबाईंचं मराठी घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत. त्यांचं मराठी मला नव्वद टक्के कळतं, उरलेले दहा टक्के बहुधा टोमणे असतात. पैलवानाला त्या कड्डी म्हणतात. कड्डी म्हणजे काडी.

"अण्णा, ही कड्डी कड्डीच राहिली की," त्या म्हणाल्या. "तुमचं बाकी सरी, छान चाललंय. त्याला तूप स्वल्प कमी घाला. दोनदा जिना धुतला मी."

पोट साफ होतंय, म्हणजे यंत्रणा चालू आहे. त्यांना हे समजावण्यात अर्थ नव्हता. गुळपोळी पैलवानाने हुंगून सोडली. तीन होत्या. असो.

१९ जानेवारी, सोमवार
जंताचं औषध आज. पण ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज आहे. उद्या.

२१ जानेवारी, बुधवार
विचार केला. त्याचं पोट आधीच नाजूक, त्यात आणखी केमिकल कशाला? उकडलेला लाल भोपळा दिला. निसर्गात सगळं असतं.

२४ जानेवारी, शनिवार
५.९ किलो! रंगीत ग्राफ काढून उल्काला पाठवला. तिने फोटो मागितला. मी ग्राफ मोठा करून पाठवला. मग तिने व्हिडिओ कॉलच केला. पैलवानाला जवळ आणायला लावलं. बरगड्या दिसताहेत म्हणाली. मी कॅमेऱ्याच्या अँगलबद्दल सांगितलं. दुसरा डोस दिलास ना, असं विचारलं, तेवढ्यात नेटवर्क गेलं. मीच घालवलं, पण जाणारच होतं.

दोन पँट आखडल्या. बोअरवेलचं पाणी.

१ फेब्रुवारी, रविवार
पैलवान हल्ली खूप झोपतो. समाधानी जीव.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
६.४! उल्का आली. तिने पैलवानाला उचललं आणि त्याच्या बरगड्यांवरून बोट फिरवलं. भारावली असावी. उद्या डॉक्टर.

७ फेब्रुवारी, शनिवार
दवाखान्यात हेमलता मॅडमही आल्या होत्या. आमच्या आधी एक लॅब्रेडॉर होता. मग पैलवान. काट्यावर आकडा आला: ३.३.

मी काटा दुरुस्त करून घ्या म्हणालो. महिनाभर गप्प राहिलो होतो, पण आता गळ्याशी आलं. ग्राफ दाखवला. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं की वजन कसं करता. सांगितलं. तुमचं स्वतःचं शेवटचं कधी केलंत? दिवाळीआधी. ते म्हणाले, जरा उभे राहा इथे. काट्यावर लॅब्रेडॉरचे केस तसेच होते.

पंचाहत्तर.

डॉक्टरांनी कबूल केलं की माझा ग्राफ चुकीचा नाही, फक्त पेशंट वेगळा आहे. हेमलता मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

मग उल्काने दुसऱ्या डोसचं विचारलं. मी भोपळ्याबद्दल सांगितलं. ती बाकावर बसली. हेमलता मॅडमचं हसणंही थांबलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले की जंत भरलेत. वेळेत आणलंत, पण आणखी उशीर चालला नसता.

पैलवान हेमलता मॅडमबरोबर गेला. उल्काने त्याला तिच्या जुन्या शालीत गुंडाळून दिलं. रिक्षात म्हणाली, "मी एकच गोष्ट सांगितली होती."

यावर मुद्देसूद उत्तर होतं. मी रिक्षावाल्याला डावीकडचं वळण दाखवलं.

८ फेब्रुवारी, रविवार
तटस्थपणे पाहता यंत्रणेत दोष नव्हता. इनपुट चुकलं. माझं वजन कोणी मला कळवलं नाही.

घरात फार शांतता आहे. मांडीवर लॅपटॉप ठेवून बसलो. तो हुंगत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
उल्का ऑफिसनंतर रोज मेट्रोने यशवंतपूरला जाते. मीही येऊ का विचारलं. नको म्हणाली. हेमलता मॅडमनी व्हिडिओ पाठवला. पहिले दोन दिवस त्याने उपास केला. दर वेळी पंधरा मिनिटांनी त्या वाटी उचलत राहिल्या. तिसऱ्या दिवसापासून भिजवलेलं कोरडं खाणं तो स्वतः खातो, वाटी चाटूनपुसून. औषधही झालं. ४.१ किलो. काटा दवाखान्याचा.

व्हिडिओ चार वेळा बघितला. तंत्र समजून घ्यायला.

१ मार्च, रविवार
पैलवान परत आला, उल्काच्या जबाबदारीवर! ४.९. बरगड्या आता हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. मला बघून अख्खा हलला. मग मांडीवर चढून बसला आणि तोंडाकडे बघत राहिला. उल्काने वाटी ठेवली. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्याकडेच बघत होता.

उल्काने हेमलता मॅडमना फोन लावला. दोघींचं एक मिनिट बोलणं झालं. उपाय ठरला.

आठ, बारा, चार, आठ. पैलवानाची जेवणाची वेळ झाली की मी बेडरूममध्ये. दार आतून बंद. पंधरा मिनिटं. खोकायचंही नाही.

आत्ता तिथूनच लिहितोय. बाहेर तो चपचप खातोय.