दुसरी चूल

॥ श्री ॥

धुळे,
१९ सप्टेंबर १९८७

ती. सौ. कुंदाक्कास,
लीलाधरचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, त्याला कारण दिल्लीहून परत आलेला माझा अर्ज. चुलीत जळणाऱ्या कपाशीच्या पऱ्हाटीच्या धुरावर आणि निर्धूर चुलीवर मी संशोधन करू म्हणतो, त्याच्या अनुदानासाठी तो होता. माझ्या रसायनशास्त्राबद्दल त्यांची तक्रार नाही. घोडं अडलंय शेवटच्या रकान्यात. संशोधनाचा समाजाला काय उपयोग, असं विचारलं होतं, मी लिहिलं की ग्रामीण महिलांचं कल्याण होईल. आता ते विचारतात, कोणत्या महिलांचं, कसं, आणि तुमचा प्रकल्प संपल्यावर मागे काय उरेल.

तू पंचायत समितीत मुख्यसेविका होतीस तेव्हा आम्ही तुझ्या जीपची थट्टा करायचो. आता कानावर येतं की तू निवृत्त झाल्यापासून जळगाव-भुसावळचे प्राध्यापक हाच रकाना घेऊन तुझ्या ओट्यावर बसतात आणि तू त्यांना चहा पाजून रडवतेस. सख्खा भाऊ तेवढा राहिला होता, तोही आज रांगेत उभा आहे.

काम आपल्याच गावात करीन म्हणतो. गणपतीत गेलो तेव्हा काकूचा खोकला ऐकवत नव्हता. पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की चुलीच्या धुरात अजून एखाद-दोन वर्षं काढली तर पुढे औषधाचा काही उपयोग नाही. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं तिच्यासाठी एवढं करता येत नसेल, तर ही पदवी काय चाटायची आहे?

गावाहून परतताना एसटीत लहानपणच आठवत होतं. भिंतीच्या अलीकडे आईच्या चुलीवरची कळण्याची भाकरी खायची आणि पलीकडे जाऊन काकूच्या चुलीवरची पुन्हा खायची. दोनदा जेवणारा मुलगा साऱ्या गावात मी एकटाच होतो. तसं सुख पुन्हा मिळालं नाही.

भाऊजींना नमस्कार. माया तर तू पाठवतेसच, या वेळी थोडी अक्कलही पाठव.

तुझा,
लीलाधर

॥ श्री ॥

जळगाव,
२७ सप्टेंबर १९८७

चि. लीलाधरास अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून हसले आणि मग काकूचं तेवढं पुन्हा वाचलं.

आधी तो 'कल्याण' शब्द खोड. नोकरीभर मी तो फायलींत लिहिला, पण एकाही बाईच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्याऐवजी कुणाच्या घरात काय बदलेल ते लिही. धुराडं चोंदलं तर कोण साफ करील, चूल भेगाळली तर कोण लिंपील, तू धुळ्याला परतल्यावर कुणाला विचारायचं, हे सगळं लिही. माती बायाच कालवतील असं स्पष्ट घाल. पुरुषानं मांडलेली चूल आपल्याकडे चार दिवस टिकत नाही, कारण ती कुणाचीच नसते.

प्रसार कसा करणार या प्रश्नाला तू पत्रकं आणि व्याख्यानं लिहिलं असशील, मला तुझी खोड माहीत आहे. तिथे आखाजी लिही. आखाजीला गावोगावच्या लेकी माहेरी येतात आणि आईच्या चुलीशी बसून वर्षाचं बोलून घेतात. तिथे जे डोळ्यांत भरेल ते त्या सासरी नेतात. दिल्लीकरांना आखाजी कळायची नाही, तर अक्षय्य तृतीया म्हणून दोन ओळी जास्त लिहून समजाव. आणि हो, तुझ्या चुलीवर मांडे भाजायचं मोठं खापर बसतं का? मांडे होणार नसतील तर त्या दिवशी तिच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही.

एक मात्र ऐक. गावात पहिली वीट ठेवण्याआधी मला बोलव. शेवटचा शब्द तुझाच राहू दे, पण मला तिथे असू दे.

प्रकृतीला जप. अक्कल पाठवली आहे, पोचल्याचं कळव.

तुझी,
कुंदाक्का

॥ श्री ॥

धुळे,
८ मार्च १९८८

ती. सौ. कुंदाक्कास,
सा. न. वि. वि.

अनुदान मिळालं हे तुला कळवलं होतंच. शेवटच्या रकान्याचं त्यांनी कौतुक केलं, आखाजीवर तर खूण करून 'उत्तम' लिहिलं. आखाजीनंतरच्या आठवड्यात त्यांची समिती गावात येऊन वापरात असलेल्या चुली बघणार आहे. नाही दिसल्या तर काम तिथेच थांबेल.

आता वाईट ते लिहितो. तुला बोलवायचं राहिलं. कॉलेजला जोडून सुट्टी मिळाली आणि मी विटा घेऊन निघालो. धुराची तुलना करायची म्हणून प्रत्येक घरात जुन्या चुलीशेजारीच नवी घ्यायची ठरवली होती. पत्रकही छापलं, 'घरोघरी दुसरी चूल मांडू या'.

पहिलं घर अर्थात काकूचं. मी विटा रचून हात धुवायला गेलो, तेवढ्यात तिनं त्या एकेक उचलून अंगणात नेऊन टाकल्या. खोकत होती तरी थांबली नाही. मी विचारलं तर एवढंच म्हणाली की, माले दुसरी चूल नको. मग पुन्हा, एवढी एक शे ती पुरे. त्यानंतर गावात एकही दार उघडेना. भिंतीअलीकडे आपल्या घरात राहणारे पंडितभाऊसुद्धा म्हणाले की तू काही दिवस येऊ नकोस, लोक नाही नाही ते बोलतात. पुष्पावहिनींनी मान वर केली नाही. इतकं शिकून काय उपयोग, लोकांना आपलं भलं कळत नाही.

अक्का, मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. काकूनं मला जेव म्हटलं नाही. जन्मात असं पहिल्यांदा झालं.

काय चुकलं ते सांग. रागावलीस तरी लिही.

तुझा,
लीलाधर

॥ श्री ॥

जळगाव,
१३ मार्च १९८८

चि. लीलाधरास अ. उ. आशीर्वाद.

रागावले होते, पत्राच्या शेवटाशी आल्यावर राग गेला.

अरे वेड्या, घरात दुसरी चूल केव्हा मांडतात? भाऊ भाऊ वेगळे होतात तेव्हा. तू गावाला छापून सांगितलंस की घरोघरी वाटण्या करा. सासवांनी दारं लावली नसती तरच नवल होतं.

आणि काकूच्या घरात तर तू ते करायलाच नको होतंस. तुला दोन चुली म्हणजे दोन जेवणं आठवतात, कारण तेव्हा तू आईच्या कडेवर होतास. मी मोठी होते, मी पाहिलं आहे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आपले आबा आणि नानाकाका भांडले आणि घरात भिंत घातली. आई आणि काकूचं काहीच वाकडं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंही नाही. काकूची चूल मांडायला आईच माती कालवत होती आणि दोघी रडत होत्या. काकू म्हणाली की पोरं तर दोन्हीकडे जेवतील ना, मग झालं. तुझं ते दोनदा जेवणं त्या दोघींनी ठरवून ठेवलं होतं, लीलाधर. तू जेवलास की त्यांना घर एक असल्यासारखं वाटायचं.

आबा गेले, आई गेली, नानाही गेले. भिंत कुणी काढली नाही, कारण काढू या असं म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. म्हातारी एकटीच तिकडे धुरात भाकरी भाजते.

आता असं कर. जुन्या चुलीचा धूर आधी मोज, मग तिच्याच जागी नवी होऊ दे आणि तिचा मोज. तुझ्या शास्त्राला एवढं चालेल ना? ते पत्रक जाळ. आणि काकूकडे तू जाऊ नकोस. तिला परत एका चुलीवर बोलवायचा मान पुष्पाचा आहे, घरची सून ती. पुष्पाशी बोल. लेकीचं, मंदाचं बाळंतपण आखाजीच्याच सुमारास आहे, म्हणून मला तेव्हा येता येणार नाही. इथे बसून जीव तिकडे राहील.

नीट वाग आणि कसं झालं ते मला ताबडतोब लिही.

तुझी,
कुंदाक्का

॥ श्री ॥

धुळे,
३० एप्रिल १९८८

ती. सौ. कुंदाक्कास,
सा. न. वि. वि.

मंदाला मुलगी झाल्याची तार मिळाली. काकूनं बाळासाठी टोपडं शिवून ठेवलंय.

तुझं पत्र मी पुष्पावहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी पुरतं ऐकलंही नाही, डोक्यावरचा पदर सारखा करत भिंतीपलीकडे गेल्या. मी अंगणातच राहिलो. त्या काकूला म्हणाल्या की माझी चूल भेगाळली आहे, तुमच्या हातानं मांडून द्या, आणि मग तुम्हीही तिच्यावरच जेवा. मग काकू कुदळ मागायला बाहेर आली.

तिनं स्वतःची चूल स्वतःच फोडली. ती माती टोपल्यात घालून भिंतीअलीकडे वहिनींच्या स्वयंपाकघरात आणली आणि नव्या मातीत कालवली. अगदी त्याच कोपऱ्यात चूल मांडली, जिथे वाटणीपूर्वी सगळ्या घराची होती म्हणे. मी फक्त धुराडं बसवलं. तोंड तिनं माझ्या मापापेक्षा मोठं ठेवलं, खापरासाठी. मी गुपचूप धूर मोजला, फारसा वाढला नव्हता.

मग बाकीची दारं आपोआप उघडली. आखाजीला मांडे झाले आणि माहेरी आलेल्या लेकींनी चुलीभोवती इतकी गर्दी केली की मला मोजमापं घेता आली नाहीत. खोकला गेलेला नाही, पण भाकरी भाजताना काकू आता तोंडावर पदर धरत नाही. डॉक्टर म्हणाले की वेळेवर झालं.

त्या दिवशी जेवलो आणि सवयीनं हात न धुताच पलीकडे जायला उठलो. काकूनं पाहिलं. हसत म्हणाली की बस खाली, आते तिकडे काहीच नही. म्हणता म्हणता तिचे डोळे भरले, आणि या खेपेला धूर नव्हता. मीही रडलो, अक्का. तुला नाही लिहायचं तर कुणाला?

समिती परवा येऊन गेली. गावात आमच्यामुळे किती चुली वाढल्या, हा आकडा त्यांना शेवटच्या रकान्यात हवा होता. मी खरं तेच लिहिलं, की एक कमी झाली.

बाळाला घेऊन लवकर ये. ताटं एकाच ठिकाणी मांडलेली असतील.

तुझा,
लीलाधर