पोटावरची खूण

तीर्थरूप आक्काला धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला थांबला का? इथे मी मजेत आहे. (दवाखान्यातल्या खाटेवर माणूस जितका मजेत असतो, तितका.) फोन केला असता, पण आवाजावरून तू लगेच ओळखशील. म्हणून वॉर्डातल्या मावशींच्या हाती चिठ्ठी देतोय. त्या तुझ्याच गल्लीत राहतात.

तू म्हणायचीस, तळपायाला घाम येतो हा काय आजार झाला, पावडर लाव. लावली. तिचा चिखल झाला. फरशी-पॉलिशच्या धंद्यात ओला पाय म्हणजे सत्यानाश. गेल्या आठवड्यात पाय सटकला, मशीन हातातून सुटलं आणि काचेच्या दारातून आरपार गेलं. पलीकडच्या टायपिस्ट बाई वीतभर अंतराने वाचल्या. आता पाय कोरडे झाल्याशिवाय मुकादम मला मशीनला हात लावू देणार नाही. म्हणून उद्या सकाळी आठला ऑपरेशन. घाम पायाला, पण भोकं पोटाला (बारीक, तीनच). आत दुर्बीण घालून घामाची नस कापायची. दोन्ही बाजू एकदम नाहीत. तपासणीत ठरली ती आधी, आणि त्या बाजूला डॉक्टरांनी पेनाने खूण केली.

इथेच मी माती खाल्ली. दुपारी डुलकीतून जागा झालो तर पोटावर निळा डाग. वीस वर्षं डाग काढतोय, हात शिवशिवले. स्पिरिटचा बोळा घेतला. एकाच जागी घासलं तर चट्टा उठून दिसतो, म्हणून धंद्याच्या सवयीने सबंध पोट एकसारखं घासलं. लख्ख! मग ट्यूब पेटली. खूण उजवीकडे होती की डावीकडे? (डॉक्टर समोर उभे होते, त्यांची उजवी की माझी, काही आठवेना.) शेवटी सिस्टरच्या टेबलावरचं पेन उचललं आणि अंदाजाने एक खूण काढून ठेवली.

तू मात्र काळजी करू नकोस आणि गुडघे दुखवत येऊही नकोस.

तुझा धाकटा

ता. क. खरं तर येच. सातच्या आत ये आणि डॉक्टरांना तूच सांग. मी सांगितलं तर ऑपरेशन रद्द करून हाकलून देतील. तुझ्यावर ओरडायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

ता. क. २. मावशी चपला घालेपर्यंत मला राहवलं नाही, सिस्टरना सांगून टाकलं. त्यांनी फाइल उघडली. उजवी बाजू. माझी खूण डावीकडे होती. डॉक्टर आले, नवी खूण करून गेले. ऑपरेशन आठलाच आहे. म्हणजे इथे आता तुझं काहीच काम नाही. तरी ये, आक्का. मला फार भीती वाटतेय.